नापास बोर्ड

ऐंशीच्या दशकात मी अंबडच्या एका कारखान्यात टेलिफोनच्या आतल्या बोर्डांवर सुटे भाग सोल्डरनं जोडायचे. चूक कोणाची ते कळावं म्हणून प्रत्येक बाईचा नंबर बोर्डाच्या कोपऱ्यात असे. तपासणीत नापास झालेले बोर्ड पोत्यात जात. पोतं पुढे कुठे जातं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

आमच्या शेजारी एक मावशी राहायच्या. चांदवडकडच्या. नवरा गेल्यापासून घरी भंगार आणून तांबं वेगळं करून विकायच्या. एका सकाळी त्यांच्या अंगणातून घशाला झोंबणारा धूर आला, म्हणून मी धावत गेले. बंबात हिरवट जाळ होता आणि मावशी खोकत होत्या. बाजूच्या ढिगातला एक बोर्ड उचलून पाहिला. कोपऱ्यात माझाच नंबर.

"मावशी, हे जाळू नका. यात शिसं असतं, विषारी असतं."

"मग काय करू, पोरी? जाळल्याबिगर तांबं निघत नाय. अन् एवढा ढीग ठेवू कुठं?"

नापास बोर्ड असे भंगारात का जातात, ते दुसऱ्या दिवशी सुपरवायझरना विचारलं. ते म्हणाले, "विकलं की आपला संबंध संपला, बाई."

रविवारी पक्कड आणि कटर घेऊन मी मावशींच्या ओट्यावर बसले. वायरची साल कशी सोलायची, कोणता भाग कुठून कापायचा, ते दाखवलं. चांगले निघालेले भाग एक रेडिओ दुरुस्तीवाला घ्यायला तयार झाला. मावशींचा हात लवकर बसला. "जोडण्यापरीस तोडणं सोपं हाय," म्हणत त्या हसल्या.

उरले नुसते बोर्ड. ते कोणालाच नको होते. शेवटी आम्ही दोघींनी घरामागे खड्डा खणला आणि ते पुरले. माती लोटताना मावशींनी पलीकडच्या हापशीकडे पाहिलं. "पाण्याला काय व्हणार नाय ना?"

"नाही," मी म्हणाले. मला काहीच ठाऊक नव्हतं. पण कारखान्यातली बाई सांगते म्हटल्यावर त्यांनी विश्वास ठेवला.

थंडीपर्यंत त्यांचा खोकला बराच कमी झाला. "हिनं मला वाचवलं," असं त्या वसाहतभर सांगत सुटल्या. बायका कौतुकानं माझ्याकडे बघत. जाळू नका म्हणणं बरोबरच होतं, आजही तेच म्हणेन. पण पाण्याबद्दलचा तो "नाही" मी इतक्या सहज कसा उच्चारला, हे अजून उमगत नाही.