बिनदोराचा फोन आणि दोरआत्या

"पीळ हातात आहे तोवर मागं वळून बघायचं नाही."

दोरआत्याचं हे बोलणं आमच्या गल्लीत लहानथोरांना पाठ होतं. नवख्या माणसाला वाटे, बाई गेल्या दुःखाबद्दल बोलते आहे. तसं काही नव्हतं. तो तिच्या धंद्याचा नियम होता. दोर वळणारा माणूस उलटा चालतो. समोर चाक, चाकाला आकडा, आकड्याला अडकवलेला वाख, म्हणजे घायपाताचे तंतू. कमरेला वाखाची जुडी बांधायची, बोटांतून धागा सोडत सोडत मागं मागं जायचं, आणि चाक फिरेल तसा पीळ धाग्यात भरत जातो. मान वळवली की हात ढिला पडतो. हात ढिला पडला की धाग्याला मुरड पडते. आणि मुरड पडलेला दोर ऐन ओढीच्या वेळी दगा देतो. म्हणून आत्या पाठीमागची वाट डोळ्यांनी कधीच बघत नसे. ती तिच्या टाचांना पाठ होती.

तिच्या घरामागं ही लांबच लांब वाट होती. पायांनी तुडवून तुडवून दगडासारखी घट्ट झालेली, दोन्ही बाजूंना गवत, मधेमधे दोर टेकवायला लाकडी घोडे. सासऱ्यांनी तिथं दोर वळले, नवऱ्यानं वळले, नवरा गेल्यावर आत्यानं वळले. चाक फिरवायला दीर बसायचा. माझं घर कुंपणापलीकडे. सकाळी त्या चाकाची करकर ऐकू आली की आमच्याकडे चहा चुलीवर चढे.

दिराचं मन मात्र चाकात नव्हतं. कारखान्याचा दोर स्वस्त झाला होता, बाजारात आत्याच्या दोराला हात लावून लोक पुढं जात. दिराला त्या वाटेवर गाड्या दुरुस्तीचा कारखाना टाकायचा होता. जागा सपाट, रस्त्याला लागून. त्यानं चार कोपऱ्यांना चार खुंट्यासुद्धा ठोकून ठेवल्या होत्या. शेवटी दोघांचं ठरलं. नदीवरच्या तरीला, म्हणजे माणसं आणि गाड्या पलीकडे नेणाऱ्या त्या मोठ्या होडीला, दरवर्षी जाड दोर लागत. ते काम या हंगामात मिळालं तर वाट आत्याची. नाही मिळालं तर खुंट्या जिंकल्या.

आता तरीचं काम हातचं जायला कारण काय झालं होतं, ते सांगतो. मागच्या वर्षी तरीचा भांडारवाला आत्याचा दोर बाजारात बघून गेला होता. माणूस सरळ, पण पायाला चाक लावलेला. मी फोन करीन, म्हणाला. त्यानं केला. फोन घरात, आतल्या भिंतीला. आत्या वाटेच्या पार टोकाला, हातात भरत आलेला धागा. घंटा वाजली. दीर चाकापाशी होता, घराच्या दारातच म्हणा ना. पण तो हलला नाही. चाक थांबलं तर पीळ जाईल, हा तुमचाच नियम, वहिनी, म्हणाला आणि शांतपणे फिरवत राहिला. मग फोन उचलला सासूबाईंनी.

सासूबाईंना ऐकू यायचं नाही. पण घंटा मात्र त्यांना कशी कोण जाणे कळायची. त्या तुरुतुरु जायच्या, रिसीव्हर कानाला लावायच्या, पलीकडचा माणूस काय बोलतो याची वाट न बघता स्पष्ट आवाजात सांगायच्या, "घरात कोणी नाही," आणि ठेवून द्यायच्या. आत्याच्या लेकीला, दुकानदाराला, डॉक्टरला, सगळ्यांना हेच उत्तर. भांडारवाल्यालाही तेच मिळालं. त्यानं काम कारखान्याला दिलं.

या वर्षी भांडारवाला पुन्हा बाजारात भेटला. दोर हातात घेऊन वाकवला, उलगडून बघितला, मान डोलावली. म्हणाला, "बाई, माल चांगला आहे, पण माणूस सापडत नाही. मीही जागेवर सापडत नाही, तेव्हा मीच या महिन्यात एकदा फोन करीन. उचललात तर बोलू. माझ्या मागं शंभर व्याप आहेत." आत्यानं त्याचा नंबर विचारून घेतला आणि घरी येईपर्यंत तोंडात घोळवत आली.

दुसऱ्याच दिवशी ती तालुक्याच्या विजेच्या दुकानातून एक खोकं घेऊन आली. आत कॉर्डलेस फोन. हातात धरायचा भाग वेगळा, त्याला ठेवायची बैठक वेगळी, मधे तार नाही. आणि वर काचेची छोटी खिडकी, तिच्यात फोन करणाऱ्याचा नंबर उमटतो. शिवाय स्पीकर, म्हणजे फोन कानाला न लावताही बोलता येतं.

दिरानं खोकं उलटंपालटं करून बघितलं. "कमाल आहे, वहिनी. जन्मभर जगाला दोर विकले, आणि स्वतःला घेतला तो बिनदोराचा."

"चांभाराची बायको अनवाणीच असते, भावोजी," आत्या म्हणाली आणि बॅटरीचं झाकण उघडायला लागली.

दुकानदारानं बजावलं होतं की आधी एक अख्खा दिवस नि रात्र चार्ज होऊ द्या, हात लावू नका. आत्यानं लावला नाही. पाहुणा जेवायला बसवावा तसा तो फोन बैठकीवर बसवून ठेवला आणि येताजाता त्याच्या लाल दिव्याकडे बघत राहिली. दिवा हिरवा झाला तेव्हा तिनं वाखाची एक बारीक वेणी वळली, फोनच्या भोकातून ओवली आणि फोन गळ्यात घातला. बिनदोराच्या फोनला तिनं पहिल्याच दिवशी दोर लावला. दीर एवढा हसला की चाकावरून हात सुटला, आणि त्याबद्दल त्यानं बोलणीही खाल्ली.

पण नंबर उमटेना. घंटा वाजे, खिडकीत नुसत्या रेघा. आत्याला वाटलं, फसवलं दुकानदारानं. तसं नव्हतं. ती सोय टेलिफोनच्या कार्यालयात सांगून सुरू करून घ्यावी लागते, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आत्या गेली, तिथल्या खिडकीपाशी उभी राहिली, काम झाल्याशिवाय हलली नाही. परत आली तेव्हा मी माझ्या घरून फोन लावला. खिडकीत माझा नंबर उमटला. आत्या कुंपणापाशी आली आणि मला फोनवर न बोलता तोंडानंच म्हणाली, "दिसलास रे बाबा."

मग वाटेची परीक्षा. मी फोन लावून धरला आणि आत्या नेहमीसारखी उलटी चालत निघाली. अर्ध्या वाटेपर्यंत आवाज खणखणीत. वाख ठेवायच्या पत्र्याच्या शेडपलीकडे गेली आणि फोन टुकटुक करून मेला. पुढं आली, जिवंत. मागं गेली, मेला. म्हणजे धागा लांब झाल्यावर फोन आला तर तो नाहीच.

"सोपं आहे," दीर म्हणाला. "अर्धाच दोर वळा. तरीला सांगा अर्धीच नदी ओलांडा."

आत्या शेडकडे बघत राहिली, मग घराकडे, मग पुन्हा शेडकडे. दोराच्या वाटेत अडसर आला की ती काय करायची? दोर घोड्यावर उचलून घ्यायची. मग फोनचंही तेच. पत्रा आडवा येतो, तर बैठक पत्र्याच्या वर न्यायची. तिनं वायरमनला बोलावलं. माळ्याची खिडकी थेट वाटेवर उघडत होती, तिथं फळी ठोकली, आणि आतल्या भिंतीपासून माळ्यापर्यंत टेलिफोनची तार ओढायला सांगितली. वायरमन शिडीवरून म्हणाला की बिनतारेच्या फोनला एवढी तार लागलेली मी पहिल्यांदाच बघतोय. आत्या म्हणाली, "मुळं जमिनीत असल्याशिवाय वेल मोकळा डुलत नाही. तू खिळा मार."

या बदलात सासूबाईंचा जीव कासावीस झाला. घंटा बैठकीतही वाजायची, पण तिथं उचलायला काहीच नव्हतं. रोज त्या जिना चढून माळ्यावर जायच्या, रिकाम्या बैठकीपुढे वाकायच्या आणि तिलाच सांगायच्या, "घरात कोणी नाही." शेवटी आत्यानं त्यांची खाटच माळ्यावर खिडकीशी नेऊन टाकली. वाट दिसायची, वारा लागायचा. त्या खूश झाल्या.

आता राहिले हात. धागा सोडताना दोन्ही हात गुंतलेले, फोन छातीवर लोंबतोय. बटण कशानं दाबायचं? आत्यानं हनुवटीनं दाबायचा सराव केला. बोलण्याचं बटण आणि तोडण्याचं बटण शेजारीशेजारी. लेकीचा फोन आला, आत्यानं हनुवटी टेकवली, फोन तुटला. पुन्हा आला, पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा लेक रडवेली होऊन म्हणाली की आधी आजी घरात कोणी नाही म्हणायची, तू तर तेवढंही म्हणत नाहीस. तेव्हा आत्यानं बोलण्याच्या बटणावर डिंकानं वाखाचा एक चिमूटभर गुंता चिकटवला. मग हनुवटीला वाट सापडली.

असं सगळं जमलं, आणि आत्यानं तरीचा दोर वळायला घेतला. मागणी नसताना. दिरानं डोक्याला हात लावला. ज्या लग्नाची बोलणी नाहीत त्याचा मांडव कशाला, म्हणाला. आत्यानं जुडी कमरेला बांधली आणि आकड्याकडे बोट दाखवलं. तो बसला चाकावर.

त्या महिन्यात फोन पुष्कळ आले. कुणाला पिठाची गिरणी हवी असायची, कुणी चुकून लावायचा, लेक तर रोज. धागा हातात असला की आत्या मान खाली घालून फोनच्या खिडकीत बघायची. लेकीचा नंबर असला की वाजू द्यायची, लेकीला ठाऊक होतं, धागा उतरला की आई करेल. परका नंबर असला तर तोही वाजू द्यायची. एका घंटेनंही तिचं पाऊल चुकलं नाही. महिना मात्र सरत आला. दीर मधेमधे खुंट्यांकडे बघायचा, आणि आत्या त्याच्याकडे.

एका सकाळी आत्या वाटेच्या पार टोकाला होती. चाक करकरत होतं. घंटा वाजली. माळ्यावर सासूबाई उठून बसल्या. मी कुंपणाशी दात घासत होतो, तो तसाच थांबलो, कारण आत्या खाली बघून एक क्षण अडखळली आणि मग पहिल्यापेक्षा सावकाश चालायला लागली. तिनं हनुवटी टेकवली.

स्पीकरमधून माणसाचा आवाज आला. त्याला वाटलं असावं, पुन्हा म्हातारीच येणार. तो म्हणाला, "घरात कोणी आहे का?"

"आहे. बोला, भांडारवाले."

तो गडबडला. "मी बोलतोय हे कसं कळलं?"

"तुमचा नंबर मला माझ्या लेकीच्या नंबराएवढा पाठ आहे."

"बरं. हा करकर आवाज कसला येतोय?"

"चाकाचा. तुमचाच दोर वळतेय."

मग तो म्हणाला, "अहो बाई, मी अजून मागणी दिलीय कुठं?"

"मग द्या की. किती लांब हवा ते सांगा. मी अजून चालतेच आहे."

फोनमधून असं हसू आलं की मला कुंपणापलीकडे ऐकू गेलं. हसता हसताच त्यानं लांबी सांगितली, जाडी सांगितली, जोड कसा हवा ते सांगितलं, आणि या हंगामातले सगळे दोर तुमचेच म्हणाला. आत्या प्रत्येक गोष्टीला हं म्हणत मागं मागं सरत होती. शेवटी तिनं पुन्हा हनुवटी टेकवली, या वेळी शेजारच्या बटणावर. बोटांतला धागा इकडचा तिकडं झाला नव्हता.

"भावोजी," ती तिथून ओरडली, "चाक थांबवू नका. काम मिळालं."

दिराचा हात खरंच थांबायला आला होता. तो पुन्हा जोरानं फिरवू लागला. वर खिडकीतून सासूबाईंनी विचारलं, कोण होतं गं? दिरानं मान वर करून खुणेनं आणि तोंडानं, दोन्हींनी सांगितलं, "आई, आता घरात सगळे आहेत."

धागा उतरला, तेव्हा आत्यानं त्याचं टोक दिराच्या एका खुंटीला बांधलं. चांगली पक्की ठोकलीत, म्हणाली, कामाला येईल. उरलेल्या तीन दिरानं दुपारी स्वतःच उपटल्या आणि दोर टेकवायला आणखी घोडे केले. गाड्यांचा कारखाना पुढं त्यानं रस्त्यापलीकडे काढला. पण सकाळी आधी चाक, मग पाना.

आणि आत्या? तिनं खुंटीला गाठ मारली, पदर खोचला, नवी जुडी कमरेला बांधली. फोन गळ्यात सरळ केला. आकड्याला वाख अडकवला आणि निघाली. वर खाटेवर सासूबाई, चाकावर दीर, कुंपणाशी मी, आम्ही तिघं बघत होतो. जाणाऱ्या माणसाची पाठ दिसते. आत्याचा चेहरा दिसत होता. हसरा, आमच्याकडे वळलेला, पावलागणिक लहान होत जाणारा. शेड मागं पडलं, घोडे मागं पडले. तिनं एकदाही वळून बघितलं नाही.