शिशाचे मणी

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात शिशाच्या सोल्डरिंगचा वास आला की मला सावली गावाजवळच्या शाळेतली सहावीची शेवंता आठवते. मूलद्रव्यं आणि त्यांचे उपयोग शिकवायला मी तिथे महिनाभर जात होते. मुलांना घरून एकेक धातूची वस्तू आणायला सांगितली होती. शेवंताच्या घरी वैनगंगेतली मासेमारी. तिने जाळ्याचा तुकडा आणि जाळं पाण्यात बुडावं म्हणून त्याला लावायचे शिशाचे मणी आणले.

"शिसं मऊ असतं, हवा तो आकार देता येतो," मी पुस्तकातलं सांगितलं.

"हो मॅडम, आमी असं दाबतो," म्हणत तिने मणी दोऱ्यावर ठेवला आणि दातांनी करकचून चावला.

माझा आवाज एरवी मागच्या बाकापर्यंत पोचत नसे. "थुंक," मी ओरडले.

"माही माय तं रोजच करते," ती घाबरून म्हणाली.

संध्याकाळी मी पक्कड घेऊन तिच्या घरी गेले. शिसं विषारी असतं, हे सांगितलं. तिच्या मायने मांडीवरचं बाळ सावरलं आणि तोंडातला मणी तळहातावर काढला.

"पक्कडीनं दोरा तुटते, बाई. किती दाबाचं, थे दातालेच समजते."

तेव्हा मला ती हट्टी वाटली. आज आठवतं, ती पक्कड मी स्वतः एकदाही जाळ्यावर चालवून पाहिली नव्हती.