एक रुपयाचा इसार

वहिनींना जाऊन दोन महिने झाले. त्या असताना हे सांगायला हवं होतं.

भाऊ गेल्यावर वहिनींनी साड्यांना फॉल-पिको करून घर चालवलं. डोळे अधू झाले तेव्हा म्हणाल्या, "भाऊजी, मशीन विकून टाका. ऑनलाइन जातं म्हणे." एकलहऱ्याला वीज केंद्रात नोकरी केलेला मी, मोबाइलमधलं घरात मलाच कळतं, असा सगळ्यांचा समज. माझाही.

जाहिरात टाकली आणि तासाभरात एकाचा फोन. घासाघीस नाही, बघायला येणं नाही. "इसार म्हणून एक रुपया टाकतो वहिनींच्या खात्यात. आता सौदा मोडू नका." रुपया आला. दुपारी शेजारच्या बाई रोख पैसे घेऊन आल्या, तर मी त्यांना परत पाठवलं. इसार घेतल्यावर शब्द फिरवायचा नसतो, हे आमच्या घरातलं वळण.

मग त्यानं क्यूआर कोड पाठवला. वहिनींच्या फोननं स्कॅन करा, पिन टाका, बाकीचे पैसे जमा होतील.

वहिनी म्हणाल्या, "तो रुपया तर पिनशिवायच आला की. मग आता कशाला?"

"मोठ्या रकमेला लागतो, वहिनी. तुम्ही आकडे सांगा."

त्यांनी सांगितले. मी दाबले. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी साठवलेलं सगळं गेलं.

संध्याकाळी पुतण्या कामावरून आला आणि आईवरच ओरडला. "पिन टाकलासच कसा? अक्कल गहाण ठेवली होती का?" वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी मशीनवर कव्हर घालत होतो. ते घालून झालं तरी घालतच राहिलो.

"चुकलं रे माझं," त्या म्हणाल्या.

लगेच तक्रार केली असती तर पैसे कदाचित अडवताही आले असते. पण मग पिन कुणी टाकला, हे विचारलं गेलं असतं. मी उद्यावर ढकलत राहिलो.

पुतण्यानं त्यांच्या फोनमधले व्यवहार बंद केले. ऑपरेशन लांबत गेलं ते गेलंच. भाजीवाली दारात आली की वहिनी चाचपडत आत मुलाकडे जायच्या, "शंभर दे रे." मला मात्र चहा देताना विचारायच्या, "साखर बरोबर आहे ना, भाऊजी?"

परवा पुतण्यानं तेच मशीन विकायला काढलं. "काका, तुम्हीच बघा. आईसारखं फसायला नको."

"पिन मी टाकला होता," मी म्हणालो.

तो मशीनजवळ खाली बसला. मग म्हणाला, "काका, मी तिला काय काय बोललो हो."