लिम अंकलचा कौल

कौल, अंगारा, नवस... यातलं काहीच आमच्या घरात नाही. आम्ही रत्नागिरीकडचे बौद्ध. आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच ते सगळं सुटलं. तेव्हा हसायचं तर खुशाल हसा, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसलोच असतो.

पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमाराची गोष्ट. बहरीनला उम्म अल हस्समच्या एका फ्लॅटमध्ये मी आणि लिम अंकल एका खोलीत राहायचो. ते मलेशियातले चिनी, कंपनीत वेल्डर. माणसं ढीगभर होती हो, पण शुक्रवारच्या सुट्टीत बोलायला आम्हाला एकमेकांशिवाय कुणी नव्हतं.

अंकलच्या तोंडी सदा गावचं देऊळ. त्यांचे पूर्वज चीनहून होडीने आले, ते तिथल्या दर्यामातेच्या देवळातली चिमूटभर राख घेऊन. मलेशियात उतरल्यावर स्वतःच्या झोपड्यांआधी तिचं देऊळ बांधलं. नवीन आलेल्या माणसाला पहिला भात तिथेच मिळायचा. आणि दर्यापारहून परतलेल्याने आधी तिच्यासमोर उभं राहून सांगायचं — आई, मी आलो.

त्या देवळातले दोन लाकडी ठोकळे अंकलकडे होते. काजूगराच्या आकाराचे, एक बाजू सपाट, एक फुगीर. शुक्रवारी जेवण झालं की ते जमिनीवर टाकायचे. एक सपाट, एक फुगीर पडला तर होकार. दोन्ही फुगीर बाजू वर आल्या तर नकार. म्हणजे आपला कौलच की! प्रश्न ठरलेला — मी घरी पोचेन का? आणि दर वेळी नकार. ठोकळे बदला म्हणून मी चिडवायचो. ते हसायचे, आणि ठोकळे पुसून ठेवायचे.

शेवटी एकदाची अंकलना लीव्ह मिळाली. निघताना त्यांनी ठोकळे माझ्या हातात ठेवले.

"तू अकेला रहेगा, भाय. ये रख."

मी ते रुमालात बांधून बॅगेत टाकले, कुलूप लावलं.

पुढच्या शुक्रवारी दुपारी एकटाच जेवत होतो. मागे टक्-टक् वाजलं. वळलो तर ठोकळे लादीवर... एक सपाट, एक फुगीर. बॅगेचं कुलूप जसंच्या तसं. उघडली, तर रुमालाची गाठही तशीच, आत मात्र काही नाही. अंगावर काटा आला, पण खोटं कशाला सांगू, आनंदही झाला. म्हातारा घरी पोचला!

शनिवारी ऑफिसात त्यांच्या पुतण्याचा फोन आला. अंकल वाटेतच, विमान बदलताना गेले होते. शव शुक्रवारी संध्याकाळी गावी पोचलं, तेव्हा आमच्याकडे दुपार होती. पुतण्याने देवळात जाऊन त्यांच्या वतीने सांगितलं — आई, काका आले.

मला याचा उलगडा आजतागायत झालेला नाही. मी अजून इथेच, बहरीनलाच आहे, ठोकळेही त्याच रुमालात आहेत. शुक्रवारी जेवण झालं की वाटतं, एकदा विचारावं... मी घरी पोचेन का? विश्वास नाही म्हणतो ना मी — मग टाकायला हात का होत नाही, ते तुम्हीच सांगा.