ती पुढे गेली, मी उतरलो

आमच्या वाडीतले न सोललेले नारळ सॅकमध्ये भरून माझी बायको रोज पहाटे दत्ताच्या टेकडीवर चढू लागली, तेव्हा मुरुडमध्ये बऱ्याच जणांना वाटलं, हिने काही नवस केला असावा. कुणी मला आडून विचारलं, कुणी सरळ. शाळेत गणित शिकवणारी, निवृत्तीला टेकलेली बाई एवढं ओझं घेऊन रोज वर कशाला जाते, हे मलाही नीट सांगता यायचं नाही.

गावात एक छोटं केंद्र आहे. जन्मापासून ज्यांचे हातपाय ऐकत नाहीत अशा मुलांकडून तिथे व्यायाम करून घेतात. शनिवारी शाळा सुटली की बायको तिथे मदतीला जायची. बरीचशी मुलं डोंगराच्या आतल्या बाजूच्या, भातशेतीच्या गावांतली. त्यांच्या आया त्यांना कडेवर घेऊन एसटी गाठत. त्यातली एक आई यायची बंद झाली, म्हणून बायको तिच्या घरी जाऊन आली. परतल्यावर हातपाय न धुताच पडवीत बसली. मुलगा मोठा झाला होता, आईला उचलवत नव्हता, एवढंच कारण होतं. ‘केंद्राला गाडी हवी,’ ती म्हणाली.

पुढच्याच महिन्यात तिला कुठूनसं कळलं, की मुंबईचं एक मंडळ हिमालयात पदभ्रमणाला लोक नेतं आणि जाणारा प्रत्येक जण आपल्या आवडीच्या कामासाठी देणग्या गोळा करतो. तिने नाव नोंदवलं, मग मला सांगितलं, आणि ओझं घेऊन चढायच्या सरावासाठी सॅकमध्ये नारळ भरले. बर्फ आम्ही दोघांनीही फक्त मासळी बाजारात पाहिलेला.

मग ती घरोघर फिरली. वाड्यांचे मालक, लॉजवाले, कोळीवाडा, मोहल्ला, काही सोडलं नाही. बाजारात एका मासेवालीने तिला विचारलंच, गाडीला पैसे हवेत तर सरळ मागा ना, डोंगर कशाला? मी शेजारी पिशवी धरून उभा होतो. मलाही उत्तर ऐकायचं होतं. बायको म्हणाली, नुसतं मागितलं तर लोक एकदा देतात आणि विसरून जातात. मी चढायला लागले तर रस्त्यात अडवून विचारतील तरी, कुठवर आलं म्हणून. आणि तसंच झालं. पुढे रिक्षावालेसुद्धा थांबून चौकशी करायचे, की बाई, किती नारळ झाले.

मी जायचं ठरवलं ते केवळ काळजीपोटी. बँकेतून निवृत्त झालो होतो, गुडघे बरे होते, आणि तिला एकटीला तिकडे पाठवायचं माझ्या मनाला पटेना. तिने ‘नको’ म्हटलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून माझ्याही सॅकमध्ये नारळ पडले.

हिमाचलातली ती खिंड चौदा हजार फुटांच्या वर होती. सुरुवातीचे दिवस देवदारांतून, ओढ्यांच्या काठाने गेले, आणि खरं सांगायचं तर मी तिच्यापेक्षा बरा चालत होतो. ती सावकाश चाले. वर्गात फळ्यावर गणित सोडवताना एकही पायरी गाळायची नाही, तशी पावलं टाके. मी पुढे जाऊन दगडावर बसायचो आणि ती आली की पाण्याची बाटली पुढे करायचो. ते मला आवडत होतं.

झाडं संपली आणि माझं डोकं दुखू लागलं. मी कुणाला सांगितलं नाही. खिंडीखालच्या शेवटच्या मुक्कामावर पोचलो तेव्हा जेवण पोटात ठरेना, आणि तंबूपासून ओढ्यापर्यंत जाताना दोनदा तोल गेला. बायकोने ते लांबून पाहिलं आणि थेट लीडरला बोलावून आणलं. तो तिकडचाच, शांत स्वभावाचा तरुण. त्याने माझ्या बोटाला प्राणवायू मोजायचं यंत्र लावलं, मला सरळ रेषेत चालायला सांगितलं, आणि मला ते जमलं नाही. तो हिंदीत म्हणाला, चाचाजींना आजच खाली न्यावं लागेल, उजेड आहे तोवर. सोबत त्याचा एक माणूस येणार होता.

आता बायकोने माझ्याबरोबर उतरायचं, हे मी धरूनच चाललो होतो. लीडरनेही धरलं असावं, कारण तो तिचीही सॅक आणायला निघाला. तिने त्याला थांबवलं आणि एकेक गोष्ट विचारली. खाली उतरल्यावर बरं वाटेल का? खात्रीने? सोबतच्या माणसाने आधी कुणाला असं नेलं आहे का? खाली डॉक्टर आहे का? त्याची उत्तरं तिने नीट ऐकून घेतली. मग माझ्यापाशी येऊन बसली.

‘मी आले तर तुम्हाला जास्त बरं वाटेल, की लवकर बरं वाटेल?’ तिने विचारलं.

मला राग आला. आजारी माणसाला असं कोडं घालतात का? पण खोटं बोलवेना. ‘जास्त,’ मी म्हणालो. बरा मी तिच्याशिवायही तेवढ्याच वेळात होणार होतो.

‘मग मी वर जाते,’ ती म्हणाली. माझ्या कानटोपीची गाठ तिने पुन्हा बांधली. मी उतरायला लागलो तेव्हा ती उभी होती, आणि वळणाआड जाईपर्यंत तिथेच उभी असल्याचं मला दिसलं.

थोडं खाली आल्यावर माझी डोकेदुखी उतरली, आणि खालच्या गावात पोचल्यावर तर भूकही लागली. राग मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला. तिथल्या अंगणात ऊन खात बसलो असताना कधीतरी तो गेला. ती आता बर्फात पाय रोवत असेल, हे डोळ्यांपुढे आलं आणि मी नकळत अंधार पडेपर्यंत डोंगराच्या त्या बाजूकडे बघत राहिलो. तिसऱ्या दिवशी ती आली. नाक सोललेलं, ओठ फुटलेले. माझ्याकडे आधी नखशिखांत पाहिलं, मग म्हणाली, ‘तुम्ही जेवलात ना?’ खिंडीचं तिने रात्री सांगितलं, तेही मी विचारल्यावर. शेवटच्या चढावर ती बसून रडली होती आणि मग उठली होती.

मांडव्याला बोटीतून उतरलो तर माझी थोरली बहीण न्यायला आली होती. तिला फोनवर सगळं कळलं होतं. गाडीत बसताच ती बायकोला म्हणाली, ‘त्याला तसा सोडून वर गेलीस?’

मी मध्ये बोलणार होतो. बायकोने माझ्या हातावर हात ठेवला.

‘गेले, वन्सं. सुखाने नाही गेले,’ ती म्हणाली. ‘पण उतरले असते तर यांना काही उपयोग नव्हता, आणि त्या मुलांना तर नव्हताच.’

ताईला ते पटलं नाही, आजही पटलेलं नाही. घरी मात्र तिने दोघांसाठी मऊभात करून ठेवला होता. मी तिला पुष्कळदा सांगितलं, की इतक्या वर्षांच्या संसारात मला बायकोचा जितका अभिमान ती खिंड चढून आली त्या दिवशी वाटला तितका कधी वाटला नव्हता. ती म्हणते, तुला काय, तू आजारी होतास.

दिवाळीनंतर गाडी आली. मागे उताराची फळी असलेली, चाकाची खुर्ची सरळ आत जाईल अशी. पहिल्या फेरीला आम्ही दोघंही गेलो, आणि त्या यायच्या बंद झालेल्या आईच्या दारात गाडी उभी राहिली. मुलाची खुर्ची आत चढवून पट्टा लावेपर्यंत ती बाई बायकोकडेच बघत होती. मग तिने विचारलं, ‘बाई, तिकडं वर काय हाय?’

‘वारा आहे नुसता,’ बायको म्हणाली. ‘आणि उतरायची घाई.’

बाई हसली, पदर खोचून मुलाच्या शेजारी बसली, आणि ड्रायव्हरने दार ओढून घेतलं.