चीनमधली टॉवेल-टोपी

मादन हिप्परग्याच्या राजूबाईला कुणी पिक्चर दाखवू नये, असं तिचा धाकटा भाऊ राघोबा म्हणतो. खरंच आहे त्याचं. बाई नुसता पिक्चर बघत नाही, तो सांगते. आणि सांगताना मीठमसाला एवढा घालते की काढणाऱ्यालासुद्धा आपला पिक्चर ओळखू येऊ नये.

तूर घरात आली की दुपारी तिच्या ओसरीवर बाया निवडायला बसतात. हात सुपात आणि कान राजूबाईकडे. तिथला रिवाज एकच. सांगणारी थांबली की ऐकणारीनं "मग?" म्हणायचं. कानडी बोलणारी निलम्मा "मुंद?" म्हणते, तेही चालतं. पण कुणीच विचारलं नाही तर गोष्ट तिथंच बंद.

यंदा राघोबाच्या अंबिकानं आत्याला मोबाईलवर चिनी पिक्चर लावून दिला. जुन्या काळातला, प्रेमाचा, कुठल्याशा गाजलेल्या कादंबरीवरून काढलेला. बोलणं सगळं चिनी, खाली अक्षरं इंग्रजी. अंबिका म्हणाली, "आत्या, तुला कळंल का?"

"रडाया भाषा कशाला लागती गं?" राजूबाई म्हणाली आणि चष्मा पुसून बसली.

आता अंबिकाचं दुखणं सांगायला पाहिजे. तिचं आणि गावातल्याच उद्धवरावांच्या पोराचं, हरिओमचं जमलेलं. पोरगा गुणाचा, आळंदला त्याचं बियाण्याचं दुकान. जात-पात, घरदार सगळं जुळतं. जुळत नव्हता तो फक्त राघोबा. का? तर उद्धवरावांच्या लेकीच्या लग्नात मानाची टॉवेल-टोपी द्यायला माईकवर एकेकाचं नाव पुकारलं, आणि राघोबाचं नाव राहिलं. हा बाबा आता पुकारतील म्हणून आपली टोपी आधीच काढून खिशात घालून बसलेला! मांडव रिकामा झाला, टोपी खिशातच. न जेवता घरी आला. उद्धवराव म्हणायचे, वाचणारा चुकला, पण राघोबानं येऊन बोलावं. राघोबा म्हणायचा, मान काय मागून घ्यायचा असतो? त्यानं यावं. असे दोघं आपापल्या दारात ताठ बसलेले, आणि मधल्या मधे पोरगी वाळायलेली. त्यात येत्या रविवारी लातूरचं स्थळ अंबिकाला बघायला येणार होतं.

राजूबाईनं गोष्ट सुरू केली. ओसरीच्या भिंतीपलीकडं राघोबा दोरी वळत बसलेला. ऐकत नव्हता म्हणे.

"पोरगी रेशमाचे किडे पाळणारी. पोरगा होडीवाला. दोघांचा जीव जडला. पण पोरीचा बाप, अगं बाई, नाकावर माशी बसू द्यायचा न्हाई! होडीवाल्याच्या घरच्या लग्नात त्याला टॉवेल-टोपी मिळाली न्हवती."

बायांनी तोंडं सुपात घातली. भिंतीपलीकडून आवाज आला, "चीनमंदी टॉवेल-टोपी असती व्हय?"

"असती की. रेशमाची असती."

"रेशमानं अंग पुसतंय का कुणी?"

"मानाच्या टॉवेलानं कोण अंग पुसतंय? तुला मिळाला असता तर तू पुसला असतास का?"

नागव्वा हसता हसता सूप सांडून बसली.

शनिवारपर्यंत चिनी बाप पार बदनाम झाला. त्यानं पोरीला लांब देऊन टाकायचं ठरवलं, पोरगी खाईना, होडीवाला घाटावरून हलेना. इथं राजूबाई थांबली. बायांनी "मग?" म्हणायच्या आत भिंतीपलीकडूनच आलं, "मग?"

"मग काय की बाबा. मला झोप लागली. शेवट बघितलाच न्हाई मी."

"अशी कशी झोप लागली?" राघोबा चिडून उठला. तुरीचा भाव बघायचाय म्हणून त्यानं अंबिकाकडून मोबाईल घेतला, पिक्चर कुठं लागतो तेही विचारून घेतलं, आणि शेतातल्या मोटारीच्या खोलीत जाऊन बसला.

तासा-दोन तासांनी परत आला तो थेट ओसरीवर.

"अक्का, लबाड हाईस तू! त्या पिच्चरमंदी टॉवेल न्हाई का टोपी न्हाई. आन् बाप? बाप तर पयल्याच सीनला मरतोय! बदनाम कामून करायलीस त्याला?"

बाया फिदीफिदी हसल्या. राजूबाई जराही ओशाळली नाही. "बरं, चुकलं माझं. मग त्यांना अडवलं कुणी? शेवट काय हाय, तू तरी सांग."

राघोबा तावातच सुरू झाला. "कुणीच अडवत न्हाई! तो रोज होडी घेऊन घाटावर येतोय. ही रोज खिडकीतनं बघती. त्याला वाटतंय तिनं बोलवावं. तिला वाटतंय त्यानं यावं." त्याचा आवाज उतरला. "दुसरीकडं लगीन होतंय तिचं. शेवटाला केस पांढरे झालेत, तरी बी घाटाकडंच बघत बसलेली असती. एक शब्द, अक्का. एक शब्द कुणी बोललं असतं तर..."

"मग?" हळूच अंबिकानं विचारलं.

राघोबानं लेकीकडं बघितलं. तिच्या सुपातली तूर कधीची निवडून झाली होती, तरी ती तीच तूर चाळवत बसलेली. तो तसाच ओसरीवरून खाली उतरला.

तो गेला तो किराणा-कापडाच्या दुकानात. एक टॉवेल, एक टोपी घेतली आणि सरळ उद्धवरावांच्या दारात उभा राहिला. उद्धवरावांनी तोंड उघडायच्या आत त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी घातली. "उद्या लातूरवाल्यांना येऊ नका म्हणतो. तुम्ही या."

उद्धवरावांनी नव्या टोपीखालची आपली जुनी टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. नवीन आणायलाही ते थांबले नाहीत.

बातमी ओसरीवर आली तशी अंबिका आत्याच्या गळ्यात पडली. रडणं आटोपल्यावर म्हणाली, "पर आत्या, शेवट तर तू दोनदा बघितलास की. पदर भिजेस्तवर रडलीस."

"व्हय," राजूबाई म्हणाली. "पर मी सांगितला असता तर माझाच राहिला असता गं तो शेवट."

आणि तिनं दुसरं सूप पुढं ओढलं.