घाम वाळेना तेव्हा

देडतलाईच्या मंगलाबाईंनी तीस वर्षं केळीच्या बागांत मजुरी केली. मे महिन्यात चव्वेचाळीस डिग्रीतही त्या दिवसभर घड वाहायच्या. गेल्या ऑगस्टात पारा चौतीसवरच होता, पण पाऊस उघडून हवा दमट झाली होती आणि बागेत पान हलत नव्हतं. सोबतची अमृता घामाने निथळत काहीबाही बरळू लागली.

मुकादम म्हणाला, “आज तर ऊन बी नाही. नाटक करते ही.”

“ऊन नाही, पण घाम वाळत नाही ना भाऊ! मग अंग थंड कसं होईल?” मंगलाबाई म्हणाल्या.

त्यांनी अमृताला धरून बांधावर वाऱ्यात नेलं, अंगावर पाणी ओतलं आणि पदराने वारा घातला. बऱ्याच वेळाने अमृता भानावर आली. आता पावसाळ्यात मंगलाबाई तासातासाने साऱ्याजणींना बाहेर काढतात. मुकादम अडवत नाही.